एक मॅच जिंकलो की येतो

आखातात वीस वर्षं काढलेल्या माणसाचे किस्से बुटातल्या वाळूसारखे असतात. आत कधी शिरली ते समजत नाही, घरी येऊन बूट उलटा केला की हा ढीग! नाशिकला आमच्या कट्ट्यावर मित्र मला हमखास विचारतात, "आहेर, ते युद्धाचं सांग ना! सायरन, गॅस मास्क, क्षेपणास्त्रं!" आणि मी सांगायला लागतो बेसबॉलचं. पाच मिनिटांत निम्मे लोक चहा सांगायला उठतात. उठू देत. मला त्या युद्धातला बेसबॉलच आठवतो, त्याला मी काय करू?

सौदीतल्या धाहरानला एका मोठ्या तेल कंपनीच्या मेंटेनन्स वर्कशॉपमध्ये मी इंजिनिअर होतो. कॅम्पात, म्हणजे कंपनीच्या वसाहतीत, अमेरिकन पुष्कळ, त्यामुळे प्रत्येक डिपार्टमेंटची बेसबॉलची टीम. हिवाळ्यात हवा जरा माणसात आली की दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मॅचेस सुरू व्हायच्या. आमच्या वर्कशॉपच्या टीमचं नाव स्कॉर्पियन्स. नाव विंचवाचं, पण नांगीचा पत्ता नाही! मागच्या अख्ख्या सीझनमध्ये त्यांनी एकही मॅच जिंकली नव्हती. नव्या सीझनची सुरुवातही त्याच इमानदारीनं झाली.

टीमचा कॅप्टन आणि पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बोलर, होता वॉल्टर. वर्कशॉपचा फोरमन. साठीला टेकलेला, गुडघे कुरकुरणारा, आणि हरल्यावरही समोरच्या टीमच्या प्रत्येकाशी हात मिळवून येणारा. त्याची बायको डोरोथी स्कोअर लिहायची आणि सगळ्यांसाठी केक आणायची. खरं सांगू? आम्ही पहिल्यांदा गेलो ते केकसाठी.

*

आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुधा आणि आमच्या वर्कशॉपचे स्टोअरकीपर इब्राहिमभाई. इब्राहिमभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. वय अठ्ठेचाळीस, पोट बेताचं, क्रिकेटचं वेड मात्र बेताबाहेरचं.

पहिल्याच मॅचला समोरच्या टीमच्या एका धिप्पाड गड्यानं चेंडू असा टोलवला की तो कुंपणापलीकडच्या पार्किंगमध्ये जाऊन पडला. आम्ही तिघं उठून उभे राहिलो आणि कडकडून टाळ्या! "वा! काय मारलाय!" आमचेच खेळाडू आमच्याकडे बघतायत.

मॅच संपल्यावर वॉल्टर आला. "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"तुमच्याच!" इब्राहिमभाई म्हणाले. "पण चांगल्याला चांगलं म्हणायला नको?"

वॉल्टरनं टोपी काढून डोकं खाजवलं. "बरोबर आहे. पण मग आमच्यासाठी टाळ्या कधी वाजणार?"

इब्राहिमभाईंनी क्षणभर विचार केला. "ती वेळ आणणं तुमच्या हातात आहे, साहेब!"

त्या दिवसापासून आम्ही स्कॉर्पियन्सचे अधिकृत फॅन झालो. एकूण संख्या तीन.

*

मग युद्धाचे ढग आले आणि कंपनीनं अमेरिकन बायकामुलांना मायदेशी पाठवायला सुरुवात केली. आमची मुलगी आम्ही आधीच तिच्या मामाकडे नाशिकला पाठवली होती. सुधा मात्र हटून बसली होती. "गेलो तर दोघं जाऊ," हे एकच वाक्य. आणि मला तर तेव्हा रजा मिळणं शक्यच नव्हतं.

डोरोथीचं विमान ठरलं. वॉल्टरला रिटायर व्हायचा हक्क होता, उद्या म्हणाला असता तर उद्या सोडलं असतं. पण तो हलेना. डोरोथी आमच्या स्वयंपाकघरात बसून सुधाचा चहा पीत होती आणि नवऱ्याला बोलत होती. "सांग ना यांना, का राहतोयस ते!"

"हरणारी टीम सोडून कॅप्टन जात नाही," वॉल्टर म्हणाला. "एक मॅच जिंकलो की येतो. शब्द देतो."

"म्हणजे तू कधीच येणार नाहीस!" असं म्हणून डोरोथी हसली, आणि हसता हसता तिनं चष्मा काढून डोळे पुसले. सुधानं तिचा हात धरला. दोघींची अशी मैत्री होती की डोरोथीला मराठी येत नव्हतं, सुधाचं इंग्रजी अडखळत चालायचं, आणि तासन्‌तास गप्पा!

निघताना डोरोथीनं स्कोअरबुक सुधाच्या हातात दिलं. वॉल्टर गाडीत बॅगा ठेवत होता. "सुधा, स्कोअर नाही लिहिलास तरी चालेल," ती हळूच म्हणाली, "ते हरणार हे मला ठाऊक आहे. तो कसा आहे, ते लिही. त्याच्या छातीत मध्येच दुखतं, कुणाला सांगत नाही. जेवतो का बघ. हसतो का बघ."

झालं! सुधानं ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. स्कॉर्पियन्सच्या अधिकृत स्कोअरबुकात पुढच्या शुक्रवारची नोंद शुद्ध मराठीत अशी आहे: "वारा फार. वॉल्टर यांनी सकाळी फक्त कॉफी घेतली. मी दिलेलं थालीपीठ अर्धं खाल्लं, अर्धं खिशात ठेवलं. एकदा हसले. आपण हरलो."

मॅचनंतर वॉल्टरच्या घरून अमेरिकेला फोन लागायचा, तिकडे तेव्हा सकाळ असायची. आधी नवरा-बायको बोलायचे, मग फोन सुधाकडे. ती बुक उघडून दुसऱ्या खोलीत जायची आणि आपल्या इंग्रजीत वाचून दाखवायची. वॉल्टर कौतुकानं मला म्हणायचा, "बघ, एकेक चेंडू सांगते ती! चार ओळींच्या मॅचचं पानभर लिहिते. इतकं बारकाईनं स्कोअर लिहिणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही!"

मी मान डोलवायचो.

*

युद्ध पेटलं, कॅम्पातून आणखी माणसं गेली, आणि स्कॉर्पियन्सचे उरले आठ. नऊ नसतील तर टीम लीगमधून बाद. वॉल्टरची नजर फॅन मंडळींवर पडली.

आधी नंबर माझा लागला. पहिल्याच प्रॅक्टिसला चेंडू हातमोज्यात न येता चष्म्यावर आला. मी परत फॅन झालो.

मग तो प्रसिद्ध कॅच! मॅच आठांवरच चालली होती, अंपायरनं एक दिवसाची सवलत दिली होती. कुणीतरी मारलेला चेंडू वाकडा उडून थेट आमच्या बाकांकडे आला. अमेरिकन लोकांत असा चेंडू झेलणाऱ्यानं तो घरी न्यायचा असतो, पोराबाळांना दाखवायचा असतो. इब्राहिमभाईंनी डाव्या हातात चहाचा कप तसाच ठेवून उजव्या हातानं तो उघड्या पंजानं झेलला आणि शिस्तीत पिचरकडे परत फेकला. मैदानातले सगळे थक्क!

वॉल्टर धावत आला. "हातमोज्याशिवाय?"

"आमच्याकडे हातमोजा विकेटकीपरला," इब्राहिमभाई म्हणाले. तळहात लालबुंद झाला होता, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ! "आणि साहेब, चेंडू परत दिला नाही तर खेळ पुढे कसा चालायचा? आमच्या गावात एकच असायचा."

पुढच्या शुक्रवारी ते स्कॉर्पियन्सच्या शर्टात उभे. शर्ट पोटावर ताणून बसलेला, नंबर नऊ.

*

आता इब्राहिमभाईंच्या बॅटिंगविषयी. त्यांच्या गावचं मैदान खाडीला लागून. तिथला नियम असा की चेंडू खाडीत गेला तर मारणारा आउट, आणि चेंडू आणायला चिखलात त्यानंच उतरायचं! त्यामुळे तीस वर्षांत या माणसानं चेंडू कधी उचलून मारलाच नव्हता. पाय पुढे, बॅट सरळ, मान खाली, आणि चेंडू पायाशी मेलेला.

बेसबॉलमध्ये हे म्हणजे लग्नात जाऊन उपास सांगण्यासारखं. वॉल्टर घसा फोडून ओरडायचा, "फिरव! बॅट फिरव!" इब्राहिमभाई मान हलवायचे. "साहेब, डोळा बसू द्या आधी."

"अरे, तुला तीनच संधी मिळतात!"

"म्हणून तर जपून खेळतोय!"

एकदा कसा कोण जाणे, चेंडू बॅटच्या कडेला लागून दूर गेला. इब्राहिमभाई धावले. बेसबॉलमध्ये बॅट तिथेच टाकून धावायचं असतं, पण बॅट टाकणं त्यांच्या रक्तातच नाही. बॅट घेऊन सुसाट! पहिला बेस, म्हणजे धावून गाठायची चौकोनी गादी, जवळ येताच लांब वाकून त्यांनी बॅट बेसला टेकवली, आपण क्रीजमध्ये टेकवतो तशी, आणि स्वतः दोन हात अलीकडे ऐटीत उभे राहिले. समोरच्या खेळाडूनं शांतपणे येऊन त्यांच्या खांद्याला चेंडू लावला.

"आउट!"

"आउट? पोचलो की मी!"

"तुझी बॅट पोचली," अंपायर म्हणाला. "तू अजून यायचायस."

सुधाच्या बुकात त्या दिवशी लिहिलंय, "वॉल्टर इतके हसले की खाली बसले. नंतर छातीवर हात ठेवला. मी पाणी दिलं."

*

दर मॅचला आमची बसायची जागा ठरलेली. टीमला एखादा रन मिळाला की जो जिथे आहे त्यानं तिथून हलायचं नाही, हा आपला क्रिकेटचा कायदा मी बेसबॉलला लागू केला होता.

एका शुक्रवारी चमत्कार झाला. आम्ही चक्क दोन रननं पुढे! सुधा बर्फाच्या पेटीवर बसलेली, मी जमिनीवर, आणि बॅटिंगची वाट बघणारे इब्राहिमभाई आमच्या मध्ये. आणि वाजला की सायरन! भर दुपारी! सगळे मास्कच्या पिशव्या घेऊन शाळेच्या इमारतीतल्या शेल्टरकडे पळाले. आम्हीही पळालो. पण शेल्टरमध्ये शिरताच इब्राहिमभाईंनी मास्कच्या आतून हातवारे सुरू केले. सुधाला एका खोक्यावर बसवलं, मला जमिनीवर, आणि स्वतः मध्ये. तोच क्रम! बाहेर काय पडणार ते अल्ला जाणे, पण दोन रनचा लीड पडता कामा नये!

ऑल क्लिअर झाल्यावर परत गेलो आणि त्याच क्रमानं बसलो. अंपायर म्हणाला, मॅच रद्द.

वॉल्टर फोनवर डोरोथीला ओरडून सांगत होता, "आज हरलो नाही! अगं, हरलो नाही!" तिकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा पडला. "ती म्हणते, हे धरायचं नाही. जिंकलं पाहिजे."

*

मग एका सोमवारी स्टोअरमध्ये इब्राहिमभाई बोल्ट मोजता मोजता थांबले. "आहेरभाऊ, एक बोलू? काल दुआ मागितली, टीमला एकदा जिंकू दे. म्हातारा आपल्या बायकोकडे जाऊ दे."

"चांगलं केलंत की."

"ऐका तर! मागून झाली आणि ध्यानात आलं, जिंकलो तर हा जाणार. परत बसलो. म्हटलं, परवरदिगार, ती मघाची दुआ आहे ना, ती जरा बाजूला ठेव. फेकू नको. नुसती बाजूला ठेव."

मला हसू आलं, पण फार हसलो नाही. कारण खरं सांगायचं तर माझंही तेच चाललं होतं. त्या दिवसांत वर्कशॉपमध्ये सकाळी वॉल्टरची शिट्टी ऐकू आली की वाटायचं, चला, आहे सगळं जागेवर. त्याच्यावर आमचा जीव जडला होता. टीम हरली की घरी येताना मी थोडा खूश असायचो. फॅन असून!

*

सुधा मात्र आमच्यासारखी डळमळीत नव्हती. एका शुक्रवारी आम्ही मैदानावर लवकर पोचलो. पिचर जिथे उभा राहतो त्या उंचवट्यावर वॉल्टर एकटाच वाकून काहीतरी उकरत होता. लोखंडाचा करपलेला, पंजाएवढा तुकडा. आदल्या हल्ल्यात वरच्या वर फोडलेल्या क्षेपणास्त्राचा. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, तुकडा पिशवीत टाकला, खड्डा बुटानं बुजवला आणि शिट्टी वाजवत प्रॅक्टिसला लागला.

त्याला वाटलं कुणी पाहिलं नाही. सुधानं पाहिलं होतं. त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ आहे. "यांना आता घरी पाठवलंच पाहिजे."

ती ओळ तिनं फोनवर वाचली नाही.

*

आणि आता ती मॅच. शेवटचा डाव, सहा-सहा बरोबरी, बॅटिंग आमची. दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर वॉल्टर उभा. तो घरच्या बेसवर पोचला की आम्ही जिंकलो. आणि बॅटिंगला कोण? नंबर नऊ. इब्राहिमभाई!

इब्राहिमभाई बॅट घेऊन उठले आणि असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. अंपायरला एव्हाना सवय झाली होती, त्यानंच हात वर करून खेळ थांबवला. इब्राहिमभाई बॅट ठेवून नमाजाला गेले. बाकीचे सावलीत पांगले, पण वॉल्टर तिसऱ्या बेसवरून हलेना.

"अरे, खेळ थांबलाय, ये सावलीत!" मी म्हटलं.

"जागा सोडायची नाही," तो म्हणाला. "तूच शिकवलंस ना?"

पंधरा मिनिटं तो उन्हात बेसवर आलटून पालटून एकेका पायावर भार देत उभा! सुधानं त्याला तिथेच चहा नेऊन दिला. तो हसला. सुधानं बुक उघडून काहीतरी लिहिलं.

इब्राहिमभाई परत आले. जाता जाता माझ्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "आहेरभाऊ, ती बाजूला ठेवलेली दुआ... आज मी परत पुढे सरकवली."

पहिला चेंडू सोडला. दुसरा सोडला. वॉल्टर तिसऱ्या बेसवरून किंचाळतोय, "फिरव! एकदा तरी फिरव!" तिसरा चेंडू आला. पाय पुढे, बॅट सरळ, मान खाली. टप्प! चेंडू दोन पावलांवर मेलेला!

पिचर पुढे धावला, मागचा कॅचर पुढे धावला, आणि चेंडूपाशी येऊन दोघं एकमेकांकडे बघत थांबले, तू उचल, तू उचल! तेवढ्यात कुरकुरत्या गुडघ्यांनी वॉल्टर निघाला होता. धावला, धडपडला, घरच्या बेसवर पालथा पडला. पोचला! पण इब्राहिमभाई पहिल्या बेसवर चेंडूच्या आधी पोचले नाहीत तर हा रन धरत नाहीत. आणि इब्राहिमभाई बॅट घेऊन धावतायत!

"पाय!" सुधा ओरडली. "भाई, पाय! पाय ठेवा!"

कॅचरनं चेंडू उचलून फेकला. इब्राहिमभाईंनी बॅट टेकवायला पुढे केली, मग काय आठवलं कोण जाणे, बॅटसकट दोन्ही पायांनी बेसवर उडी मारली.

"सेफ!"

पुढची पाच मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. समोरच्या टीमनंसुद्धा उभं राहून टाळ्या वाजवल्या. वॉल्टर धुळीत बसून रडत होता की हसत होता कळत नव्हतं. मी सुधाला विचारलं, तर म्हणाली, "मी तर 'हसले' असंच लिहिलंय."

संध्याकाळी आम्ही वॉल्टरच्या घरी, इब्राहिमभाई शर्टासकट. फोन लागला. वॉल्टर बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिला. मग तिकडून तो प्रश्न आला असावा. त्यानं आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "हरलो, डोरोथी. याही वेळी हरलो."

इब्राहिमभाई जमिनीकडे बघत होते. मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं.

मग वॉल्टरनं नेहमीप्रमाणे फोन सुधाकडे दिला. या वेळी ती दुसऱ्या खोलीत गेली नाही. तिथेच उभी राहिली, बुक उघडलं, वॉल्टरकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"डोरोथी, वुई वन," ती म्हणाली. "अँड टुडे ही लाफ्ड फोर टाइम्स."

वॉल्टर तिच्या हातातल्या बुकाकडे बघत राहिला. मग उठला, खुंटीवरचा आपला हातमोजा काढला, झटकला आणि इब्राहिमभाईंच्या हातात दिला.

"पुढच्या शुक्रवारी," तो म्हणाला, "बॅट टाकून धाव."